सतरा नंबरची लाईन

‘कोण?’ असं मी विचारलं आणि तिथेच सगळं बिघडलं. मुलगी बाथरूमच्या दारात उभी होती, केसांतून पाणी गळत होतं, गाऊनची बटणं वरखाली लागलेली, आणि तिचे ओठ म्हणत होते, ‘आई, ती कधीची रडतेय!’ मी पलंगावर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होते. पाळणा माझ्या पाठीमागे, मोजून सहा पावलांवर. घड्या अगदी मनासारख्या चालल्या होत्या, काठाला काठ लावून, आणि बाहेर ऊन इतकं छान पडलं होतं की मी स्वतःवर खूश होते. तेवढ्यात हे. आणि मी विचारते, ‘कोण?’ घरात रडण्यासारखं दुसरं होतं कोण! तीन महिन्यांची माझी नात. तिला सगळे भोंगा म्हणतात, कारण जन्मताना तिनं असा काही सूर लावला की नर्सनं म्हणे दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणे. मला हे सांगोवांगीच माहीत. मी त्या वेळी दाराबाहेरच उभी होते, आणि आतून काहीच आवाज येईना म्हणून मी दाराला कान लावला होता. जावयानं खांदा हलवून सांगितलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मुलगी पाळण्याकडे धावली. तिनं भोंग्याला उचललं, ओल्या खांद्यावर घेतलं, आणि माझ्याकडे पाहिलं. रागावून पाहिलं असतं तर मी भांडले असते. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण ती रागावली नव्हती. तिनं बेरीज करून टाकली होती. डावा कान गेलेला, उजव्या कानात मशीन. समोर बसून बोललं तर आईला कळतं, थोडं कानानं, थोडं ओठांवरून. पण बारीक आणि उंच आवाज तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. दारावरची बेल नाही, किटलीची शिट्टी नाही, बाळ नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एक फॉर्म दिसला. पाळणाघराचा. एक तारखेला तिची रजा संपत होती. एक तारखेपासून भोंगा माझ्याकडे, हे तिला दिवस गेले तेव्हापासून ठरलेलं होतं. त्या भरवशावर मी शिवणाचा क्लास सोडला होता, भिशीतल्या बायकांना ऐटीत सांगितलं होतं, आता मला वेळ नाही गं. आणि आता हा फॉर्म, त्यावर जावयाच्या सुबक अक्षरात बाळाचं वजनसुद्धा भरलेलं. मी फॉर्मवर पाण्याचा ग्लास ठेवला. मुद्दाम ठेवला. ओलं गोल वर्तुळ उमटलं, तेवढंच समाधान.

खरी मेख अशी की मी आयुष्यभर ऐकण्याचंच काम केलं. एकतीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर. तळमजल्यावरची खोली, एक उंच खुर्ची, समोर बोर्ड, बोर्डावर दिवे आणि भोकं, हातात वायरी. दिवा लागला की वायर खुपसायची, ‘बोला, कुठे जोडू?’ म्हणायचं. श्वासावरून मी ओळखायचे की पलीकडचा माणूस रिपोर्ट विचारणार आहे की रडणार आहे. मोठे डॉक्टर ‘हॅलो’ म्हणायच्या आत मी त्यांना सांगायचे, साहेब, आधी पाणी प्या, मग जोडते. लोक म्हणायचे, बाईंना भिंतीपलीकडचं ऐकू येतं. येतच होतं! आणि मग निवृत्तीनंतर एकेक आवाज न सांगता निघून गेला. आधी चिमण्या गेल्या. मला वाटलं, शहरातल्या चिमण्याच कमी झाल्या असतील. मग वरच्या मजल्यावरचं खुर्ची सरकवणं गेलं, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की वरची माणसं सुधारली. माझंच काहीतरी चुकतंय हे कळायला वर्ष लागलं. मशीन आलं ते मी सहा महिने डब्यात ठेवून दिलं. मुलगी तेव्हा म्हणाली होती, तोंड फिरवून, मला दिसणार नाही अशी. पण समोर आरसा होता. ‘कान होते तेव्हा तरी हिनं माझं कुठे ऐकलं?’ हे तिचं जुनं पालुपद. चौदाव्या वर्षापासूनचं. तू सारखी त्या बोर्डावर, सगळ्या गावाचं ऐकलंस, माझं कधी ऐकलं नाहीस. मी उत्तर दिलं नाही. उत्तर होतं माझ्याकडे, चांगलं ठसठशीत उत्तर. पण मागितल्याशिवाय द्यायचं नाही हा माझा हट्ट, आणि ती मागेना.

तर फॉर्म आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुपट्यांसाठी जागा करायची म्हणून कपाटाचा खालचा खण ओढला, आणि तो अडकला. जोर लावला तेव्हा आतून चार मोबाईल आणि चार्जरच्या वायरींचं एक जंजाळ मांडीवर येऊन पडलं. मुलीचा कॉलेजातला, काच तडकलेला. जावयाचे दोन, कारण जावईबापूंना दर दोन वर्षांनी नवा लागतो आणि जुना टाकवत नाही. आणि माझा बटणांचा, दगडासारखा, ज्याला धक्का बसला तर जमिनीला खोक पडेल. मी त्या वायरी सोडवायला लागले. हातांना सवय होती. एकतीस वर्षं याच हातांनी वायरी सोडवल्या. आणि सोडवता सोडवता हात आपोआप थांबले. चार फोन मी चटईवर ओळीत मांडले होते, मध्ये सारखं अंतर ठेवून. बोर्ड! मी मोठ्यानं हसले. मुलीनं आतून डोकावून पाहिलं. ‘काय झालं?’ तिचे ओठ म्हणाले. ‘काही नाही, तू झोप,’ म्हटलं मी, आणि टेस्टरला मेसेज केला.

टेस्टर म्हणजे आमच्या इस्पितळाचा टेलिफोन दुरुस्त करणारा माणूस. शर्टाच्या खिशात कायम टेस्टर, लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे म्हणतात, म्हणून हे नाव. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, गुडघे गेलेले, पण बिघडलेलं यंत्र म्हटलं की तीन जिने चढून येतो. आला, बसला, फोन उलटसुलट केले. ‘बाई, करायचं काय आहे?’ मी सांगितलं: दिवा लागला पाहिजे. पलीकडे आवाज, इकडे दिवा. आपल्या बोर्डासारखं. मला ऐकू येत नाही, पण दिसायला काय धाड भरलीय? त्यानं मान डोलावली. त्याला दोन दिवस लागले. त्यातले दीड दिवस चहात गेले, पण काम चोख. तडकलेला फोन पाळण्यापाशी. त्याचं काम ऐकणं. आवाज झाला की तो घरातल्या वायफायवरून जावयाच्या दोन्ही फोनना कळवणार, एक स्वयंपाकघरात, एक बाथरूमच्या फळीवर, आणि त्यांचे टॉर्च लुकलुकणार. शिवाय माझ्या दगडाला रिंग देणार. दगड माझ्या एप्रनच्या खिशात. तो थरथरला की हाडापर्यंत कळतं. ‘म्हणजे माझी नात मला फोन करणार?’ मी म्हटलं. ‘तीन महिन्यांची पोर, आजीचा नंबर पाठ!’ टेस्टर म्हणाला, ‘आजीवर गेली.’ मग मी औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी आणली, तुकडे कापले, आणि बोर्डावर असायचे तसे नंबर लिहून फोनांना चिकटवले. स्वयंपाकघर एक. बाथरूम दोन. आणि पाळण्यातला? हातानं माझी परवानगी न घेता लिहिलं. सतरा. टेस्टरनं तो आकडा पाहिला आणि इतका हसला, इतका हसला, की त्याला ठसका लागला आणि मला त्याच्या पाठीत दोन गुद्दे घालावे लागले. ‘गप्प बसा हं,’ मी दटावलं. ‘पोरीसमोर एक अक्षर नाही.’

मुलीनं सगळं पाहिलं. हाताची घडी घालून पाहिलं. ती माझीच मुलगी, लगेच हो म्हणेल कशी! ‘एक दिवस,’ ती म्हणाली, माझ्यासमोर येऊन, स्पष्ट, एकेक शब्द सुटा. ‘मी आतल्या खोलीत दार लावून बसते. मी नाहीच असं समज. बघू.’ मग तिनं विचारलं, ‘सतरा का? घरात तर तीनच आहेत.’ मी म्हटलं, ‘असंच.’

त्या दिवसाची आठवण झाली की मला अजून घाम फुटतो आणि हसूही येतं. सकाळी नऊला मुलीनं दार लावलं. मी एप्रन बांधला, बाटल्या उकळायला ठेवल्या, आणि एक नंबर लागला. ओट्यावर लख्ख लुकलुक, खिशात दगडाची घरघर. धावले. भोंगा गाढ झोपलेला, तोंडाचा चंबू करून. परत आले, गॅस बारीक केला, पुन्हा दिवा! धावले. झोपलेलीच. बाथरूममध्ये गेले, दोन नंबर पेटला. अर्धवट हात धुतलेली मी पळाले. ती झोपेत गालातल्या गालात हसत होती, जणू माझीच गंमत बघतेय. बारा वाजेपर्यंत मी पंचवीस-तीस फेऱ्या मारल्या असतील. गुडघे म्हणायला लागले, बाई, आता पुरे. मनात नको नको ते येऊन गेलं. ती रडून गप्प होत असेल का? मी पोचेपर्यंत दमून झोपत असेल का? माझ्या डोळ्यांनाही आता दिसेनासं झालंय का? म्हातारपणाची भीती मला कधी वाटली नव्हती; त्या दुपारी पाळण्याच्या दांडीला धरून उभी असताना वाटली, खोटं कशाला बोलू. आणि तेवढ्यात पुन्हा सगळे दिवे लागले. भोंगा माझ्यासमोर, डोळ्यांदेखत झोपलेली, ओठसुद्धा मिटलेले, आणि सतरा नंबर ओरडतोय की आवाज येतोय, आवाज येतोय. मी तडकले. ‘अरे मेल्या, कुठे आहे आवाज?’ दार उघडून मुलगी बाहेर आली. डोळ्यांत पाणी. मला वाटलं रडतेय. हसत होती. पोट धरून हसत होती. ‘आई, तू बोलतेयस!’

मीच. सकाळी नऊपासून मीच. ‘होल्ड करा हं, दूध गरम होतंय’, ‘बाटलीबाई, चला बाहेर’, ‘आले आले, जोडते’, असं मी एकटीनं, भिंती हादरतील अशा आवाजात बोलत होते. ऐकू येईना झालं की माणूस मोठ्यानं बोलतो, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलतो हे कुणी सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं बोर्डावर तोंडाचा पट्टा चालू होता, तो निवृत्त झालाच नव्हता. मीही हसले. मग दोघी हसलो. मग हसू ओसरल्यावर मुलीनं टेबलावरचा फॉर्म सरळ केला, त्यावरच्या पाण्याच्या डागावरून बोट फिरवलं, आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. फाडला नाही. आत ठेवला. एक तारखेला चार दिवस होते.

मी गप्प राहायचं ठरवलं. अर्धा दिवस राहिले. काय सांगू, इतकं अवघड काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. बटाटा सोलताना त्याच्याशी काही बोलायचं नाही? पायाला स्टूल लागलं तर स्टूलाला चार शब्द सुनवायचे नाहीत? आणि भोंग्याला मांडीवर घेऊनही तोंड मिटून बसले तेव्हा ती माझ्या ओठांकडे टकामका बघत राहिली आणि तिचा चेहरा पडला. तिला माझी बडबड हवी होती. मग ठरवलं, गेलं ते गप्प बसणं खड्ड्यात. टेस्टरला बोलावलं. तो म्हणाला, फोनचा कान मंद करतो. मी म्हटलं, मुळीच नाही, मंद कान एक आहे घरात, तो पुरे. त्याला फक्त तिकडेच कान लावायला शिकवा. टेस्टर खिशातल्या टेस्टरनं डोकं खाजवत बसला. माझी नजर दोरीवर वाळत घातलेल्या जावयाच्या मोज्यांवर गेली. जाड, लोकरीचे. बोर्डावर गलका असला की मी काय करायचे? रिसीव्हरभोवती तळहाताची ओंजळ करायचे, म्हणजे खोलीतला गोंगाट बाहेर राहायचा आणि तारेतलं माणूस आत. मी मोजा काढला, सतरा नंबर त्यात घातला, आणि मोज्याचं तोंड भोंग्याकडे करून पाळण्याच्या दांडीला लटकवला. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मी मोठ्यानं, अगदी जीव तोडून, इस्पितळातल्या सगळ्या वॉर्डांची नावं म्हटली. दिवा लागला नाही. टेस्टरनं पाळण्यापाशी नुसतं खाकरल्यासारखं केलं. लागला! टेस्टर हात जोडून म्हणाला, ‘बाई, दुरुस्तीचं खातं तुमच्याकडे द्यायला हवं होतं.’

आणि मग ती सकाळ. एक तारखेच्या आदल्या दिवशीची. मुलगी पुन्हा दार लावून आत. टेस्टर उगाचच आलेला, खुर्चीत पेपर धरून. मी ओट्यापाशी, तोंड मनसोक्त चालू, आणि एक नंबर लागला. पण कसा? आधी नुसता एकदा चमकला. थांबला. मग दोनदा, पटपट. थांबला. मग तीन, चार, पाच, अशी लहान लहान लुकलुक, मध्ये श्वासाएवढी जागा. मी हातातला चमचा तसाच धरून उभी राहिले. रडण्याचा दिवा एव्हाना मी ओळखत होते, तो लांब, हट्टी, विझायचं नाव न घेणारा. हा वेगळाच होता. याच्यात उड्या होत्या. मी धावले नाही, चालत गेले. पाळण्यावर मोजा हलत होता, खिडकीतून आलेल्या वाऱ्यानं डावीकडे, उजवीकडे, आणि त्याच्याकडे बघत माझी नात हसत होती. तोंड उघडं, हिरड्या दिसतायत, पोट वरखाली होतंय. आजवर ती गालात हसायची, बिनआवाजी. हे आवाजाचं हसू होतं. पहिलं. मी तळहात तिच्या पोटावर ठेवला आणि ते हसू माझ्या हातात आलं, गुदगुल्या करत, मनगटापर्यंत. खिशात दगड त्याच तालावर थरथरत होता. मला चिमण्या आठवल्या नाहीत, काही आठवलं नाही. मी इतकी आनंदात होते की मला काही कमी आहे हे मी साफ विसरले.

मान वर केली तर दारात मुलगी. ती आवाज ऐकून आली होती, मी दिवा पाहून, आणि मी तिच्याआधी पोचले होते. ती भोंग्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. मग मोज्याकडे आली, फोन बाहेर काढला, चिकटपट्टीवर अंगठा फिरवला. ‘सतरा का, आई?’ मी पुन्हा ‘असंच’ म्हणायला तोंड उघडलं. तेव्हा मागून टेस्टर बोलला. त्याचे ओठ मला दिसत नव्हते, पण मुलीच्या चेहऱ्यावर मला सगळं वाचता येत होतं. तो सांगत होता की तू नऊ महिन्यांची होतीस, तुझे बाबा जहाजावर, तू खालच्या मजल्यावरच्या मावशीकडे. दुपारी दोनला तू झोपलीस की मावशी बोर्डाला फोन लावायची आणि रिसीव्हर तुझ्या उशाशी ठेवून द्यायची. बाहेरून येणारी सतरा नंबरची लाईन. तुझी आई ती लाईन सोडायचीच नाही. एका कानावर तू, दुसऱ्या कानावर सगळं इस्पितळ. तू कूस बदललीस तरी तिला कळायचं. वरून विचारणा व्हायची, सतरा नंबर कायम अडलेला का? तर मीच, दुरुस्तीवाल्यानं, त्या भोकाखाली पाटी लावली होती, ‘दुरुस्ती चालू’. पाच वर्षं लावली होती. पाच वर्षं दुरुस्त न होणारी लाईन, माझी केवढी नाचक्की!

मुलीनं मोजा दांडीवरून सोडवला आणि फोन पुन्हा त्यात घातला. मग माझ्यासमोर आली, जवळ, मला ओठ दिसतील अशी. ‘सांगितलं का नाहीस?’ मी म्हटलं, ‘तू विचारलंस कुठे?’ ‘आई!’ ती म्हणाली, आणि मला मिठी मारली, मोज्यासकट, फोनसकट, आणि तिच्या हुंदक्यानं सतरा नंबर लागला. स्वयंपाकघरात दिवा, बाथरूममध्ये दिवा, खिशात दगड. ‘बघ,’ मी म्हटलं, ‘अजून येतोय तुझा फोन.’

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. जाताना तीनदा परत आली, एकदा किल्लीसाठी, दोनदा उगाच. फॉर्म खणात नव्हता. टेस्टरच्या चहाच्या कपाखाली चौकोनी घडी करून ठेवलेला होता. मी दुपारी दोनला भोंग्याला झोपवलं, सतरा नंबर नीट तिच्याकडे वळवला, आणि ओट्यापाशी येऊन बाटल्यांना त्यांच्या स्वच्छतेविषयी चार गोष्टी सुनावल्या. पाच वाजता दिवा लागला नव्हता, पण दगड थरथरला, एकदाच, मेसेजसारखा. चष्मा शोधला. मुलीचा होता. ‘आई, दोनपासून सतरा नंबर माझ्या एका कानात चालू आहे. ती घोरते. तू बाटल्यांना फार बोलतेस. इथे सगळे विचारतायत, फोन का उचलत नाहीस. मी सांगितलंय, दुरुस्ती चालू आहे.’